कमरेच्या वरची कुस्ती



चिटणीसांनी आमचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला, तेव्हा दोघाचौघांनी त्यांना विचारले म्हणे, की हे ग्रीक-रोमन म्हणजे इतिहासाचे व्याख्यान आहे काय? त्यांचा काही दोष नाही. वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय चालते, सहकार चालतो, मधुमेहावरचा आहार चालतो. कुस्ती ही यात्रेत पाहावयाची, व्याख्यानात ऐकावयाची नव्हे, असा आपला समज. आमचाही तोच होता. तो ज्या कारणाने ढळला ते आधी सांगतो, कारण ते कारण याच रस्त्यावर घडले.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगरचा साखर कारखाना मागे पडतो, अंथुर्णे लागते आणि मग शेळगावचा फाटा. तुकोबांची पालखी आषाढात ज्या वाटेने जाते तीच ही वाट. दोन्ही बाजूंना नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि उभा ऊस. फाट्यावर चहाला थांबलो असता सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. कानाच्या पाळ्या चेपून जाड झालेल्या, मान खांद्यात रुतलेली. पोरगा तालमीतला आहे हे विचारावे लागले नाही. आमच्याबरोबरच्या गृहस्थांनी ‘हे कुस्तीवर लिहितात’ अशी आमची ओळख करून दिली. तो म्हणाला, "सर, मी ग्रीको खेळतो. पण यात्रेत मला जोड मिळत न्हाई. आजोबा म्हणत्यात, पाय न धरता कसली आली कुस्ती? आपल्याकडचं कुणी ह्यात मोठं झालंय का वो?"

चहा निवला तरी आम्हाला त्याला धड उत्तर देता आले नाही. म्हणजे उत्तर ठाऊक होते, पण ते फाट्यावर उभे राहून देण्याजोगे नव्हते. आजचे व्याख्यान हे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर समजा.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या कुस्तीचे दोन प्रकार असतात. एक फ्रीस्टाइल. आपल्या मातीतल्या कुस्तीची ती गादीवरची चुलत बहीण. पट काढा, टांग मारा, एकलंगी भरा, अंगावर पायांनी सवारी घाला, सर्व चालते. दुसरा प्रकार ग्रीको-रोमन. येथे कमरेखाली हात लावावयाचा नाही आणि पायाने डावही करावयाचा नाही. पाय हे केवळ उभे राहण्यासाठी आणि उचलण्याचा जोर देण्यासाठी. राहिले काय? छाती, मान, खांदे, हात आणि कंबर. प्रतिस्पर्ध्याच्या काखेखालून हात घालावयाचा, छातीला छाती भिडवावयाची, त्याची कंबर बांधावयाची आणि आपण मागे कमान होऊन त्याला डोक्यावरून पलीकडे फेकावयाचे. अशी मोठी फेक साधली तर पंच एकदम पाच गुण देतात. नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. आठ गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. फ्रीस्टाइलला हीच आघाडी दहाची लागते. खांदे टेकले तर अर्थातच निकाल, मग गुण कितीही असोत.

नाव ग्रीक-रोमन असले तरी ही प्राचीन ग्रीकांची कुस्ती नव्हे, हेही सांगून टाकतो. ग्रीक मल्ल पाय अडकवून पाडीत असत. कमरेखाली हात न लावण्याचा दंडक एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या जत्रांतून आला. नेपोलियनच्या सैन्यात असलेल्या एक्सब्राया नावाच्या माणसाकडे त्याचे श्रेय देतात. पुढे भारदस्तपणासाठी त्याला ग्रीस-रोमची झूल चढली. म्हणजे शेळगावच्या मुलाचे आजोबा ज्याला परदेशी थेर म्हणतात, तेही मुळात एका जत्रेतलेच! १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कुस्तीचा एकच सामना-प्रकार होता, तो याच धर्तीचा. आणि तो जिंकला कार्ल शूमान नावाच्या एका जर्मन जिम्नॅस्टने. १९०८ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये अखंड आहे.

आता आमची एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा आम्हाला अधिकार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या यात्रेत आम्ही जोडी लावणाऱ्या पंचमंडळींत बसलो होतो. गावाचे नाव सांगत नाही. एक तरणा पोरगा आला. म्हणाला, मी ग्रीको-रोमनमध्ये खेळतो, माझ्यासारखाच कोणी असेल तर लावा, लोकांना दाखवतो. आम्ही सर्वांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसलो. त्याला मातीत उतरविले, समोर त्याच वजनाचा गावरान पैलवान दिला. पोराने सवयीप्रमाणे छाती ताठ ठेवून कंबरेला हात घातला. समोरच्याने खाली बसून पट काढला आणि अर्ध्या मिनिटात त्याला आस्मान दाखविले. फडात हशा पिकला. हलगीवाल्याने देखील दोन टिपऱ्या जास्त मारल्या. पोराने माती झाडली, इनामाचे पैसे घेतले नाहीत आणि एस्टीच्या थांब्याकडे चालता झाला. त्याला जर समोरच्याने पाय धरावयाचे नाहीत असे सांगून लावले असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या डोक्यात त्या दिवशी आलाच नाही. तो कितीतरी नंतर आला.

तर, आपल्याकडचा कोणी ह्यात मोठा झाला आहे काय? झाला आहे. आणि चांगलाच मोठा झाला आहे.

सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. तेथे १५ एप्रिल १९३५ रोजी गणपतराव आंदळकर जन्मले. त्या वेळच्या कुठल्याही होतकरू पोराप्रमाणे त्यांची वाटही कोल्हापूरकडे गेली. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभे केलेले कुस्तीचे माहेरघर. १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी, पहाटेचे जोर-बैठका, ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती आणि वस्तादाचा शब्द. मोतीबाग तालीम आणि आंदळकर ही नावे पुढे एकमेकांना इतकी चिकटली, की जुन्या कोल्हापुरकरांना एक उच्चारले की दुसरे आठवते.

१९५९ साली हिंद केसरी किताब सुरू झाला आणि पहिला मान एकसंब्याच्या श्रीपती खंचनाळे यांनी मिळविला. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, आंदळकरांनी पंजाबच्या खडकसिंगाला हरवून तो घेतला. त्या काळी पंजाबी पैलवान म्हटले की आपल्याकडे अर्धी कुस्ती नावानेच जिंकली जाई. सलग दोन वर्षे गदा दक्षिणेत राहिली याचे अप्रूप आमच्या वडिलांच्या पिढीला अखेरपर्यंत होते.

येथपर्यंतची कथा मातीची. येथे थांबले असते तरी आंदळकर मोठेच ठरले असते. पण १९६२ साली जाकार्ताला चौथ्या आशियाई स्पर्धा भरल्या आणि भारताच्या कुस्ती-संघात महाराष्ट्राचे दोन भारी मल्ल गेले: सत्त्याण्णव किलोच्या गटात कवठेपिरानचे मारुती माने आणि त्याहून वरच्या, म्हणजे सर्वांत जड गटात गणपतराव आंदळकर. दोघेही दोन्ही प्रकारांत उतरले. आज असे सहसा होत नाही. फ्रीस्टाइलवाला निराळा, ग्रीकोवाला निराळा. त्या वेळी संघ लहान, आगबोटीचे व विमानाचे पैसे मोजके. एकाच माणसाने सकाळी पाय धरावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पायाला हात लावला तर दोष, असा तो प्रकार होता. चार पदके आली. मारुती मान्यांना फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य. आंदळकरांना फ्रीस्टाइलचे रौप्य आणि ग्रीको-रोमनचे सुवर्ण.

श्रोतेहो, हे पुन्हा एकदा ऐका. हिंद केसरी झालेला, मातीत वाढलेला गडी, ज्या प्रकारात आपले निम्मे डाव बाद ठरतात त्या प्रकारात पहिला आला. आणि ज्या प्रकारात आपले सगळे डाव चालतात त्यात दुसरा. आम्ही पंच म्हणून ज्या पोराला हसलो, त्याच्या पदरी हे सुवर्ण होते आणि आम्हाला ते ठाऊक नव्हते!

हे कसे झाले असावे? आमचा तर्क सांगतो. मातीची मेहनत ही मुख्यतः वरच्या अंगाची मेहनत आहे. हजारांनी मारलेले जोर खांदे आणि छाती घडवितात. मातीत मान घासून घासून ती अशी होते की तिच्यावर पूल करून अख्खा देह तोलता येतो. मऊ मातीत पाय रोवून भारी गडी कंबरेतून उपसावयाचा, तर त्याला जी पाठ लागते ती गादीवर अधिकच उपयोगी पडते. आपल्याकडचा धोबीपछाड ग्रीको-रोमनमध्ये चालतो. तेथे तर तो मानाचा डाव आहे. काखेतून शिरून मागे जाणारी बगलडूब चालते. हप्ता चालतो. गमवावे लागते ते पायांवरचे हत्यार, आणि मोडावी लागते ती वाकून खाली बघण्याची सवय. सर्वांत जड गटात तसेही पट काढण्यापेक्षा छातीला छाती लावून रेटण्याचाच प्रसंग अधिक येतो. आंदळकरांच्या देहाला तो प्रकार परका नव्हता. परके होते ते नाव आणि नियम. नियम शिकता येतात.

जाकार्ताची ती स्पर्धा आपल्या खेळाडूंना सुखाची नव्हती. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई क्रीडा महासंघातले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली, आणि तिथल्या लोकांचा राग भारतावर उलटला. स्पर्धेच्या शेवटी आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. फुटबॉलचा अंतिम सामना आपल्या संघाने हुर्यो ऐकत ऐकत जिंकला. आम्हाला नेहमी वाटते, की त्या वर्षीच्या सुवर्णपदकांची झळाळी घरी पोहोचेपर्यंत निम्मी झाली, ती या राजकारणाच्या धुरळ्याने. शिवाय सव्वा-दीड महिन्यात ऑक्टोबर उजाडला, चीनची लढाई सुरू झाली. वर्तमानपत्रांत कुस्तीला जागा कोठली उरणार?

१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकलाही आंदळकर दोन्ही प्रकारांत उतरले. पदक मिळाले नाही. त्याच स्पर्धेत यजमान जपानने ग्रीको-रोमनमध्ये दोन सुवर्णे घेतली, तीही हलक्या वजनांत: हानाहारा आणि इचिगुची. जपानजवळ स्वतःची सुमो होती, ज्युदो होते. त्यांनी असे म्हटले नाही की आमच्याकडे पुरेशी कुस्ती आहे, ही परकी कशाला. बसून शिकले. आपण मात्र जाकार्ताचे सुवर्ण पेटीत ठेवले आणि पुन्हा पट काढावयाला लागलो.

आंदळकरांना सरकारने अर्जुन पुरस्कार दिला. पुढे त्यांनी मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून बस्तान मांडले आणि कित्येक पिढ्या घडविल्या. दादू चौगुले हे त्यांपैकी: १९७० व १९७१ चे महाराष्ट्र केसरी, १९७३ चे रुस्तुम-ए-हिंद आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेतले रौप्यपदकाचे मानकरी. चाहता वस्ताद, शिस्तीचा वस्ताद असाच त्यांचा लौकिक राहिला. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. लोक त्यांच्या शिष्यांची जी नावे घेतात, ती मातीची आणि फ्रीस्टाइलची. आशियातले ग्रीको-रोमनचे सुवर्ण ज्याच्या गळ्यात पडले, त्याच्याकडे येणारा पोरगा गदा मागावयाला येई, ग्रीको शिकावयाला नव्हे. यात वस्तादाचा दोष कसा काढणार? पोराच्या घरी म्हैस विकून खुराक चाललेला असतो. ज्या कुस्तीला यात्रेत इनाम आहे, फेटा आहे, तीच त्याला खेळावी लागते.

जुन्या खर्चाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. परत आले तेव्हा कऱ्हाडला एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बैलगाड्या निघाल्या, ही गोष्ट खोटी नाही. पण त्या पदक आल्यावर निघाल्या. जाण्यापूर्वी घर गहाण पडले होते, हेही तितकेच खरे.

१९६२ नंतर ग्रीको-रोमनमध्ये आशियाई स्पर्धांचे सुवर्ण भारताला २०२३ च्या हांगझोऊपर्यंत पुन्हा मिळाले नाही. एकसष्ट वर्षे! हांगझोऊला सुनीलकुमारने सत्त्याऐंशी किलोत कांस्य आणले, तेव्हा २०१० नंतर प्रथमच या प्रकारात आपले नाव फलकावर लागले. ऑलिंपिकचे तर एकही पदक २०२४ च्या पॅरिसपर्यंत नाही. मुंबईच्या संदीप तुलसी यादवने २०१३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत सहासष्ट किलोत कांस्य घेतले. या प्रकारातले ते भारताचे पहिले जागतिक पदक. येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करू नका, आम्हाला अंदाज आहे.

तरी अगदी अंधार आहे असे नाही. लातूर जिल्ह्यातून आलेले काका पवार हे ग्रीको-रोमनचेच मल्ल. याच प्रकाराच्या जोरावर ते अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले, आणि पुण्याला कात्रजच्या बाजूला त्यांनी तालीम उभी केली. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली, त्यात हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले. हर्षवर्धनने ती तीन-दोन अशी जिंकली. दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. मोकळ्या कुस्तीचा राज्यातला सर्वांत मोठा मान, आणि त्याची शेवटची जोडी एका ग्रीकोवाल्याने घडविलेली. शेळगावच्या आजोबांना आम्ही हेच सांगणार आहोत. पाय न धरता केलेली कुस्ती पाय धरणाऱ्या कुस्तीला मारक नाही. कंबर बळकट करावयाला तिच्यासारखी मेहनत नाही.

पण आजोबांचे एक म्हणणे आम्हाला खोडता येत नाही. ते म्हणतात, यात्रेत जोड नाही, इनाम नाही, तर पोराने खुराकाचे काय करावे? राज्यपातळीवर पदक आले तर पोलिसात, रेल्वेत, सैन्यात भरतीची आशा असते हे खरे. पण त्या पदकापर्यंतची चार-पाच वर्षे घरच्या दुधावर काढावी लागतात. ऊस असला तरी कारखान्याचा हप्ता केव्हा येईल आणि त्यातून बदाम किती येतील याचा हिशेब घरची बाईच जाणे. महाराष्ट्र केसरीची गदा मोकळ्या कुस्तीलाच मिळते, ग्रीको-रोमनला नाही. ज्या खेळाला गदा नाही त्याला फड नाही, आणि फड नाही म्हणून प्रेक्षक नाही, आणि प्रेक्षक नाही म्हणून पुन्हा गदा नाही. हे रहाट कोणी तरी एका जागी धरले पाहिजे. परिषदेने धरावे की सरकारने, यावर वाद घालता येईल. आम्हाला विचाराल तर यात्रेच्या पंचांनी प्रथम धरावे, कारण ते सर्वांत स्वस्त आहे. फडात शंभर कुस्त्या लागतात. त्यांतल्या चार, फक्त चार, ‘कमरेच्या वर’ अशा पुकारून लावा. भोंगेवाल्याने नियम एकदा समजावून सांगावा. पहिल्या वर्षी लोक कुरकुरतील. एखादी फेक डोक्यावरून गेली की कुरकुर थांबेल. आपल्या माणसाला उचलून आपटलेला गडी पाहावयाला कोणत्या काळी आवडला नाही?

येथे कोणी शंका काढील, की मग मातीचे काय? मातीला आम्ही कमी लेखीत नाही. आमचा स्वतःचा जीव तिच्यातच अडकलेला आहे. गादीच्या प्लास्टिकचा वास आम्हाला अजून सहन होत नाही. पण गादी आली म्हणून माती गेली असे आंदळकरांच्या आयुष्यात तरी झालेले दिसत नाही. मातीने त्यांना जे दिले ते त्यांनी गादीवर वापरले आणि पुन्हा मातीतच येऊन बसले.

अध्यक्षमहाशय घड्याळ दाखवीत आहेत. बोलणे येथे पुरे करतो, कारण हा विषय बोलून समजत नाही. शेळगावच्या त्या मुलाला आम्ही आज मुद्दाम बोलाविले आहे. तो आणि त्याच्या तालमीतला आणखी एक जोडीदार असे दोघे मागे बसले आहेत. त्याचे आजोबाही आले आहेत. खांबाशेजारी लाल पागोटे दिसते आहे ते. चिटणीसांनी शाळेतून व्यायामाच्या चार गाद्या आणवून ठेवल्या आहेत. पुढच्या दोन रांगांतल्या मंडळींनी आपापली सतरंजी गोळा करून जरा भिंतीकडे सरकावे, लहान मुलांना जवळ घ्यावे, आणि तो दिवा थोडा वर टांगावा. फेक उंच जाते.